‘चालतें’ म्हणजे ‘चांगलें’ काय ?

कोणत्याही कामाची परीक्षा दोन वेळां होते. पहिली, तें काम पुरें होतें त्या दिवशीं ; आणि दुसरी, तें काम करणारा निघून गेल्यावर दुसऱ्या कोणास तरी तें दुरुस्त करावें लागतें त्या दिवशीं. पहिल्या परीक्षेंत उतरणारीं कामें पुष्कळ असतात. दुसरींत उतरणारीं थोडीं. विहीर बांधणाऱ्या गवंड्यापासून हिशेबाची वही लिहिणाऱ्या मुनिमापर्यंत सर्वांस हा नियम लागू आहे, आणि संगणकाकरितां प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थीही त्यांतून सुटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही या दुसऱ्या परीक्षेचा विचार एका लहानशा बाबीपुरता करणार आहों. वेबपृष्ठांकरितां ज्या स्क्रिप्ट लिहितात, त्यांतील लांबलचक फंक्शनें फोडून लहान करावीं कीं नाहीं, व करावयाचीं तर कोणत्या रीतीनें, हा तो प्रश्न होय.

ज्या वाचकांनीं संगणक हा विषय घेतलेला नाहीं त्यांच्याकरितां प्रथम दोन शब्द सांगणें अवश्य आहे. संगणकास द्यावयाच्या आज्ञांचा एखादा गट वेगळा काढून त्यास नांव दिलें, म्हणजे त्यास फंक्शन म्हणतात. पुढें त्या नांवानें हांक मारली कीं त्या सर्व आज्ञा क्रमानें पाळल्या जातात. ही युक्ति आजच्या संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठांत सन १९४९ मध्यें ‘एड्सॅक’ नांवाचा संगणक चालूं झाला. त्यावर काम करणारे विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं सन १९५१ मध्यें प्रोग्राम लिहिण्याच्या विद्येवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत अशा वेगळ्या काढलेल्या आज्ञागटांचा संग्रह कसा करावा व तो कसा वापरावा, याचें विवेचन आहे. सारांश, मोठ्या कामाचे भाग पाडून प्रत्येकास नांव द्यावें, ही शिकवण या विद्येच्या बाल्यापासूनची आहे.

मग ती विसरली कां जाते ? आमच्या मतें वेबच्या भाषांची सुलभताच याचें कारण आहे. पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्यें चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनीं सन १९९५ मध्यें नेटस्केप कंपनींत सुमारें दहा दिवसांत सिद्ध केला. सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषा तर रासमुस लेरडॉर्फ यांनीं मूळ स्वतःच्या पृष्ठाकरितां रचलेल्या लहानशा हत्यारांतून वाढली. चार ओळी लिहाव्या व लगेच पडद्यावर फळ पाहावें, हा या भाषांचा मोठा गुण. त्यामुळेंच आडगांवच्या मुलासही त्या हातीं घेतां आल्या. परंतु जेथें चार ओळींचें फळ तत्काळ दिसतें, तेथें पांचवी ओळ त्याच फंक्शनाच्या पोटांत घालण्याचा मोहही तत्काळ होतो.

उदाहरण म्हणून अशी कल्पना करूं कीं, एका शाळेनें आपला सहामाही निकाल वेबपृष्ठावर दाखविण्याकरितां ‘निकाल’ नांवाचें एक फंक्शन लिहविलें. आरंभीं तें वीस ओळींचें होतें. हजेरीक्रमांक घ्यावा, गुण आणावे, बेरीज करावी, ती दाखवावी, एवढेंच त्याचें काम. पुढें कोणी सांगितलें कीं, गैरहजर विद्यार्थ्यापुढें शून्याऐवजीं ‘गैरहजर’ असें यावें. एक अट वाढली. मग शेंकडेवारी हवी झाली, मग श्रेणी, मग नापास विषयाखालीं तांबडी रेघ, मग पालकांकरितां छापावयाचा तक्ता, मग वर्गशिक्षकांकरितां नापासांची यादी. प्रत्येक वेळीं लिहिणाऱ्यानें मधल्या जागीं आणखी कांहीं ओळी घातल्या, आणि घाईमुळें एका ठिकाणची अट उचलून दुसऱ्या ठिकाणीं चिकटविली. वर्षअखेर तें फंक्शन तीनशें ओळींचें झालें. तीनशें ओळी लिहावयाच्या असा संकल्प करून कोणीच बसला नव्हता. त्या सांचत गेल्या.

आतां त्याचा परिणाम पाहा. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण हवेत, ही एकच गोष्ट त्या फंक्शनांत चार ठिकाणीं लिहिलेली आहे. वरच्या तक्त्यापाशीं ‘गुण ३५ हून कमी असतील तर नापास, एरवीं उत्तीर्ण’ असें आहे. खालच्या यादीपाशीं ‘गुण ३५ किंवा अधिक असतील तर उत्तीर्ण, एरवीं नापास’ असें आहे. आपणांस दोहोंचा अर्थ एकच वाटतो. परंतु एके दिवशीं एखादे शिक्षक मराठी कळफलकावरून ‘७२’ हा आंकडा देवनागरी अंकांत भरतात. जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांस आपण होऊन संख्या समजत नाहीं. इंग्रजी पद्धतीचे अंकच तिला ठाऊक. तिला तेथें संख्या मागितली असतां ती ‘संख्या नव्हे’ अशा अर्थाचें एक विशेष मूल्य पुढें करते. तें मूल्य ३५ हून लहान आहे काय, असें विचारलें तर उत्तर ‘नाहीं’. आणि ३५ इतकें किंवा त्याहून मोठें आहे काय, असें विचारलें तरी उत्तर ‘नाहीं’च. म्हणून तोच मुलगा वरच्या तक्त्यांत उत्तीर्ण व खालच्या यादींत नापास ठरतो ! आणि ज्याचे गुण देवनागरींत ‘१२’ असे भरले, तोही वरच्या तक्त्यांत उत्तीर्णच. संगणक थांबत नाहीं कीं तक्रार करीत नाहीं. पृष्ठ नेहमींप्रमाणें सुबक दिसतें. दुरुस्तीस बसलेला मनुष्य तीनशें ओळींच्या त्या रानांत चारपैकीं तीन ठिकाणें शोधून काढतो, व चौथें पुढील परीक्षेपर्यंत दडून राहतें.

असे दोष केवळ शिकाऊ मुलांच्याच हातून होतात, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. सन २०१४ च्या फेब्रुवारींत ॲपल या बलाढ्य कंपनीच्या फोनांतील व संगणकांतील एक चूक जगजाहीर झाली. सुरक्षित जोडणीची पारख करणाऱ्या एका फंक्शनांत ‘येथून थेट शेवटीं जा’ अशा अर्थाची ओळ चुकून दोनदां पडली होती. पहिली ओळ अटीखालीं होती. दुसरीस अटीचें बंधन नव्हतें. त्यामुळें तिच्या पुढची सहीची पारख कधीं झालीच नाहीं, आणि तरीही सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळत राहिला. तें फंक्शन फार लांबही नव्हतें. परंतु त्यांत एकसारख्या दिसणाऱ्या अटींची रांग होती, आणि अशा रांगेंत एक ओळ अधिक पडलेली डोळ्यांस खुपत नाहीं.

दुसरें उदाहरण आमच्या प्रांताच्या अधिक ओळखीचें आहे. संगणकांतील जागा महाग होती त्या काळीं वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहून ठेवण्याची रीत पडली होती. सन २००० जवळ आलें तेव्हां ‘००’ म्हणजे १९०० कीं २००० हें यंत्रास कळेना. तो दोष काढण्याचें काम परदेशांतून भारतांत आलें, व मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतील पुष्कळ तरुणांस त्यावर रोजगार मिळाला. दोन अंकांचे चार करणें ही विद्या कठीण नव्हे. कठीण होतें तें निराळेंच : तारखेचा हिशेब एका नांवाच्या एका ठिकाणीं नसून जुन्या प्रोग्रामांच्या लक्षावधि ओळींत जागोजागीं पसरलेला होता, व तो ओळीओळींतून हुडकावा लागला. एकानें वाचविलेले श्रम तीस वर्षांनीं शेंकडों लोकांनीं फेडले.

तेव्हां मोठें काम वांटावें कसें ? निर्गमाच्या पुस्तकांतील एक प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. मोशे दिवसभर एकटाच सर्व लोकांचे वाद ऐकत बसे, व लोक तिष्ठत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो यानें तें पाहिलें, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसें नेमून केवळ मोठे वाद मोशेनें स्वतःकडे ठेवावे, असा सल्ला दिला. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वादांची संख्या कांहीं कमी झाली नाहीं. परंतु कोणता वाद कोणाकडे न्यावा हें कळूं लागलें. फंक्शन फोडल्यानेंही एकंदर ओळी कमी होतातच असें नाहीं. कधीं थोड्या वाढतातही. लाभ हा कीं, कोणती चूक कोठें शोधावी हें कळतें.

आमच्या जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें सहज पटेल. जिनांत कापसापासून सरकी वेगळी होते, व प्रेसांत रुईची गाठ बांधतात. गाठींत सरकी सांपडली तर दोष जिनाचा, आणि गाठ सैल निघाली तर दोष प्रेसचा, हें तेथील कोणीही मजूर सांगेल. दोन्ही कामें एकाच बंद पेटींत होत असतीं, तर दोष शोधण्याकरितां सारी पेटीच खोलावी लागली असती.

भाग कोठें पाडावा याची आमची कसोटी साधी आहे : त्या भागास खरें व पुरें नांव देतां येतें काय ? नांव देतांना ‘आणि’ हा शब्द घालावा लागला, तर तीं दोन कामें आहेत असें समजावें. आमच्या कल्पित निकालांत ‘गुण वाच’, ‘उत्तीर्ण आहे काय’, ‘बेरीज कर’, ‘श्रेणी ठरव’, ‘तक्ता दाखव’ आणि ‘नापासांची यादी कर’ अशीं नांवें मिळतात, व मूळचें फंक्शन या सहांस क्रमानें हांक मारणाऱ्या पांच-दहा ओळींचें राहतें. तें वाचणाऱ्यास पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणें वाटावें. डेव्हिड पार्नास यांनीं सन १९७२ मध्यें एका प्रसिद्ध लेखांत आणखी एक सूचना केली आहे : प्रोग्रामाचे भाग कामाच्या क्रमावरून पाडूं नयेत, तर पुढें काय बदलण्याचा संभव आहे हें पाहून पाडावे. उत्तीर्णतेचा नियम बदलूं शकतो, म्हणून तो एकट्यानें एका घरांत राहावा. तक्त्याचें रूप बदलूं शकतें, म्हणून तें दुसऱ्या घरांत. एकाच्या बदलाची झळ दुसऱ्यास लागूं नये.

आंतली रचना अशी सुधारणें व बाहेरून दिसणारें वर्तन मात्र तसूभरही न बदलणें, यास रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनीं सन १९९२ मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत या विषयावर प्रबंध लिहिला, व मार्टिन फाउलर यांच्या सन १९९९ मधील पुस्तकानें हा शब्द सर्वत्र पोंचविला. व्याख्येंतील दुसरा अर्धा भाग विद्यार्थी विसरतात, व उत्साहाच्या भरांत सगळेंच नव्यानें लिहूं लागतात. हा मार्ग आम्हांस पसंत नाहीं. प्रथम जुनें फंक्शन आज काय उत्तर देतें याची नोंद करावी. ०, ३४, ३५ व १०० हे गुण, रिकामा रकाना, ‘गैरहजर’ हा शब्द, देवनागरी अंक, या प्रत्येकास मिळणारें उत्तर, तें चुकीचें असलें तरी, लिहून ठेवावें. मग एकच तुकडा वेगळा काढावा, त्यास नांव द्यावें, आणि सर्व नोंदी पुन्हां ताडून पाहाव्या. उत्तरें तींच आलीं तर ती अवस्था जपून ठेवून पुढच्या तुकड्यास हात घालावा. न आलीं तर एक पाऊल मागें यावें. वरील उदाहरणांत ३५ गुणांच्या दोन निरनिराळ्या अटी ‘उत्तीर्ण आहे काय’ या एका नांवाखालीं आणूं गेल्यास नोंदींत लगेच तफावत दिसेल, आणि तीनशें ओळींत लपलेला तो विरोध आपोआप उघडा पडेल. त्याची दुरुस्ती मात्र स्वतंत्र पाऊल म्हणून करावी, व ती ‘गुण वाच’ या एकाच ठिकाणीं थोडक्या ओळींत होईल. घर आवरणें आणि भिंत पाडणें हीं कामें एकाच वेळीं करूं नयेत.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतात त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, चालत्या गाड्यास खीळ कशाला घालावी ? ज्या स्क्रिप्टला वर्षानुवर्षें कोणी हात लावीत नाहीं, तिला तशीच राहूं द्यावी हें आम्हांसही मान्य आहे. परंतु जी दर सहामाहीस उघडावी लागते, ती उघडतांना प्रत्येक वेळीं थोडी आवरून ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फंक्शनें फार लहान केलीं तर वाचणारा एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर उड्या मारून थकतो. हें खरें आहे. चाळीस तुकडे केले आणि ते सर्व एकाच सामायिक गाठोड्यांतील मूल्यें गुपचूप बदलीत राहिले, तर मूळचाच गोंधळ चाळीस ठिकाणीं पसरला. प्रत्येक फंक्शनास काय द्यावें लागतें व तें काय परत करतें, हें त्याच्या दारावरच दिसावें. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेंतील जेरार्ड होल्झमन यांनीं सन २००६ मध्यें सुरक्षिततेच्या प्रोग्रामांकरितां दहा नियम घालून दिले. त्यांपैकीं एक असा कीं, फंक्शन छापील कागदाच्या एका पानांत, म्हणजे सुमारें साठ ओळींत, मावावें. आम्ही या आंकड्यास धोक्याची खूण समजतों, धर्मशास्त्र समजत नाहीं.

तिसरा आक्षेप वेळेचा. यास वॉर्ड कनिंगहॅम यांनीं सन १९९२ मध्यें योजलेला दृष्टांत पुरेसा आहे : घाईनें लिहिलेला कोड म्हणजे कर्ज होय. कर्ज काढणें हें नेहमींच पाप नव्हे. वेळेवर फेडलें तर त्यानें कामही निघतें. परंतु न फेडलेल्या कर्जाचें व्याज चढत जातें, आणि पुढें पुढें सारा दिवस व्याज भरण्यांतच जातो. यवतमाळ जिल्ह्यांतील वाचकांस हा दृष्टांत अधिक फोड करून सांगावा लागेल असें आम्हांस वाटत नाहीं.

अलीकडे चौथाही आक्षेप ऐकूं येतो. आतां कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें मागाल तसा कोड क्षणांत लिहून देतात, मग मनुष्यानें या उठाठेवींत कां पडावें ? आमचें मत नेमकें उलट आहे. लिहिणें जितकें स्वस्त होईल, तितकें वाचून पारखणें मोलाचें होईल. यंत्रानें दिलेल्या तीनशें ओळी विद्यार्थ्यास समजल्या नाहींत, तर त्यांची जबाबदारी घेणारा कोणीच उरत नाहीं ; आणि जबाबदार मनुष्य नसलेलें काम दुसऱ्याच्या माथीं मारणें हा अन्याय आहे.

अन्याय हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. सन २०१७ मध्यें राज्य शासनानें कर्जमाफीकरितां शेतकऱ्यांकडून अर्ज मागविले ते ऑनलाइन. आज सातबाराचा उतारा, पीकविमा, शिष्यवृत्ति, प्रवेश, निकाल, यांपैकीं बहुतेकांची वाट कोणत्या तरी वेबपृष्ठावरून जाते. झरी-जामणी किंवा घाटंजी तालुक्यांतील कास्तकार सेवा-केंद्राच्या खिडकीपुढें उभा असतो, तेव्हां त्याच्या नांवाची, क्षेत्राची व रकमेची पारख जी स्क्रिप्ट करते ती त्यास दिसत नाहीं. ती चुकली तर त्याला कारण सांगणारा कोणी नसतो. ‘संगणक घेत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळतें, आणि त्याची एका दिवसाची मजुरी व गाडीभाडें व्यर्थ जातें. लिहिणाऱ्याचा आळस लिहिणाऱ्यास क्वचितच बाधतो. तो बाधतो दूरच्या व दुबळ्या माणसास. म्हणून कोड स्वच्छ ठेवणें ही केवळ कारागिरीची हौस नसून शेजारधर्माचा भाग आहे, असें आम्ही मानतों.

यावर शाळेनें काय करावें ? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संगणकाच्या प्रात्यक्षिकांत ‘प्रोग्राम चालला’ एवढ्यावर पुरे गुण देऊं नयेत. निदान चौथा हिस्सा गुण, दुसऱ्या विद्यार्थ्यानें तो वाचून त्यास समजला काय, यावर ठेवावे. दुसरी, वर्षांतून एकदां प्रत्येक विद्यार्थ्यास नवें कांहीं लिहावयास न सांगतां मागील वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची जुनी स्क्रिप्ट, वर्तन न बदलतां, सुधारावयास द्यावी. तिसरी, फंक्शनांस नांवें देण्याचा अभ्यास मराठीच्या तासालाही व्हावा. कारण नेमका शब्द शोधणें हें भाषेचेंच काम आहे, आणि ज्यास आपल्या भाषेंत एखाद्या कामाचें नांव सांगतां येत नाहीं, त्यास तें काम पुरतें समजलेलें नसतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां पुण्यास किंवा परदेशीं मोठ्या कंपन्यांत जातील, आणि कांहीं जण याच जिल्ह्यांत राहून शाळा, दवाखाने, बाजार-समित्या व ग्रामपंचायती यांचीं पृष्ठें सांभाळतील. दोघांसही आमचें सांगणें एकच. स्क्रिप्ट चालूं लागली कीं लगेच हात झाडून उठूं नका. तीच स्क्रिप्ट पुन्हां एकदां वरून खालीं वाचा, आणि ज्यास तुमचें नांवही ठाऊक नाहीं अशा कोणास ती उद्यां उघडावी लागणार आहे, हें मनांत आणून तिचे भाग पाडा व त्यांस खरीं नांवें द्या.